भुरीची अळणी बिस्किटं

जनावरांच्या डॉक्टरांनी भुरीला काट्यावर उभं केलं आणि काटा १८ किलोवर थांबला. गावठी कुत्री, उंचीला बेताची. तिनं १४ च्या पुढं जायला नको होतं. नसबंदीचं ऑपरेशन झाल्यावर कुत्र्यांची भूक वाढते आणि अंगातला खर्च कमी होतो, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं. आता त्यांनी एवढंच विचारलं, "जेवणाशिवाय काय काय खाते?" मी यादी सांगायला लागले. सकाळी आबांच्या चहाबरोबर ग्लुकोजची बिस्किटं, समोरच्या काकूंकडून तूप लावलेली चपाती, शाळेतून येणाऱ्या पोरांच्या डब्यातलं उरलंसुरलं, दूधवाल्याकडून पाव. दूधवाल्यापर्यंत आल्यावर डॉक्टर म्हणाले, "बास."

आबा म्हणजे माझे सासरे. ऐंशी ओलांडली, साखर आहे, गुडघ्यांमुळं मळ्यात जाणं बंद झालं. सकाळी सोप्यात चहाचा कप घेऊन बसतात आणि भुरी पुढ्यात येऊन बसते. एक घोट त्यांचा, एक बिस्कीट तिचं. मध्ये पेपरातल्या बातम्या तिलाच सांगणं चालू असतं. बिस्किटं बंद करायची आहेत असं मी सांगितलं तेव्हा ते चिडले नाहीत. थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "मग ती माझ्याम्होरं बसंल कशाला?"

ह्याला मी काय उत्तर देणार? शिवाय बंद म्हटलं म्हणून बंद होणारातलं ते नव्हतंच. घरातला डबा लपवला असता तर आबांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून पुडा आणवला असता, आणि आणून देणारी पोरं गल्लीत भरपूर आहेत. तेव्हा बिस्कीट राहू दे, त्याच्या आतलं बदलू, असं ठरलं.

डॉक्टरांनी औषधाच्या कागदाच्या मागं हिशेब मांडून दिला होता. किलोतल्या वजनाचा पाऊण घात काढायचा आणि त्याला ७० नं गुणायचं. मुलीनं मोबाइलवर करून दाखवलं: १४ किलोच्या कुत्र्याला नुसतं पडून राहायला दिवसाला ५०० च्या आसपास कॅलरी लागतात. वजन उतरवायचं तर सगळं खाणं तेवढ्यात बसवायचं. त्यातही वरखाऊ दहा टक्क्यांच्या वर जाऊ द्यायचा नाही, म्हणजे ५० कॅलरी. ग्लुकोजचं एक बिस्कीट २० कॅलरींच्या घरात जातं. आबा सहज सहा-सात द्यायचे. म्हणजे भुरीचा पाव दिवसाचा शिधा उजाडता उजाडताच संपलेला असायचा.

त्या कागदाकडं बघत बसले असताना एक गोष्ट ध्यानात आली. भुरी बिस्कीट चावतच नाही. वासानं ओळखते, तोंडात घेते आणि गिळून पुन्हा आबांच्या हाताकडं बघते. तुकडा केवढा होता ह्याची तिच्याकडं नोंद नसावी. हात किती वेळा खाली आला ह्याची मात्र पक्की असते. आबांचंही तेच. त्यांना दहा वेळा द्यायचं असतं. मग दहा वेळा देता येईल असं पाच कॅलरीचं काहीतरी हवं, एवढं माझं काम.

दिवाळीला दहा डबे भरणाऱ्या बाईला बिस्किटं करणं अवघड नाही, असं मला वाटत होतं. पण कुत्र्याचा खाऊ करायला बसलं की हाताला सवयीचं जे जे लागतं ते एकेक करून बाजूला काढावं लागतं. साखर-गूळ नको, तो तर वजनाचाच प्रश्न. मीठ नको. तूप अगदी बोटाला लागेल एवढं. जायफळ नको, त्यातल्या मिरिस्टिसिननं कुत्र्यांना भ्रम, थरथर, धडधड होते. चॉकलेट नको हे आता पोरांनाही ठाऊक असतं. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात, शिजवलेला असो की वाळवून पूड केलेला. आमच्या भागात कांदा-लसूण चटणीशिवाय भाजी होत नाही, त्यामुळं रश्शात भाकरी कुस्करून घालायची जुनी पद्धतही गेली. आबांसाठी घरात बिनसाखरेच्या वस्तू असतात, त्याही नकोत, निदान लेबल वाचल्याशिवाय नकोत. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये आणि काही पीनट बटरमध्ये झायलिटॉल असतं. माणसाला ते चालतं, पण कुत्र्याच्या रक्तातली साखर त्यानं तासाभरात कोसळते आणि यकृतही निकामी होऊ शकतं. आबांच्या सदऱ्याच्या खिशातली च्युइंगमची पाकिटं मी त्या दिवशी उंच फडताळात ठेवली.

आणि बेदाणे.

आमचं गाव तासगाव. सावळज रस्त्याला द्राक्षबाग आहे. जानेवारी ते एप्रिल घरात दुसरा विषय नसतो. घड काढायचे, पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, शेडमधल्या जाळ्यांवर पसरायचे, वाळले की झाडायचे, निवडायचे, बॉक्स भरून सौद्याला न्यायचे. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन आहे, आणि आमच्या गल्लीत पाहुण्याच्या हातावर पहिल्यांदा बेदाणेच पडतात. शिऱ्यात, लाडवात, नानकटाईवर, सगळीकडं तेच. कुत्र्यासाठी मात्र ते विष आहे. २००१ साली अमेरिकेतल्या विषबाधा-तज्ज्ञ पशुवैद्यांनी ह्याबद्दल पहिल्यांदा लिहिलं. द्राक्षं किंवा बेदाणे खाल्लेल्या कुत्र्यांना आधी उलट्या होतात आणि एक ते तीन दिवसांत मूत्रपिंड बंद पडतं. वाळल्यामुळं बेदाण्यात सगळं आटून आलेलं असतं, म्हणून तो द्राक्षापेक्षा वाईट.

हे मी मळ्यात सांगितलं तेव्हा गडी हसले. "वहिनी, आमची कुत्री बागेतच जल्माला आली. गळालेली द्राक्षं खात्यात. काय हुतंय त्यास्नी?" त्यांचं खोटं नाही. काही कुत्र्यांना काहीच होत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. किती खाल्लं तर चालतं ह्याचा भरवशाचा आकडा कुणाकडं नाही. अलीकडं संशय टार्टारिक आम्लावर आहे. ते द्राक्षाच्या जातीप्रमाणं आणि पिकण्याप्रमाणं कमीजास्त असतं, त्यामुळं एकाला बाधलं आणि दुसऱ्याला नाही, ह्याचा थोडाफार उलगडा होतो. तेच आम्ल चिंचेतही भरपूर असतं, म्हणजे आमटीही बाद. आणि मळ्यावरचं कुत्रं दोन दिवस उलट्या करून मेलं तर त्याचं मूत्रपिंड कोण तपासतो? साप चावला असंल, कुणी काहीतरी घातलं असंल, एवढं म्हणून त्याला बांधावर पुरतात. मी गड्यांशी जास्त वाद घातला नाही. हंगामात शेडच्या दाराला खालून जाळी मारून घेतली.

एवढं सगळं वगळल्यावर परातीत काय उरतं? पीठ, तांबडा भोपळा, एक अंडं. आबा शेजारी पाट घेऊन बसले होते.

"गूळ?"

"नाही, आबा."

"मीठ तरी?"

"नाही."

"मग हे कसलं बिस्कीट? औषध हाय हे."

पुण्याहून आलेल्या पुतण्याचा आक्षेप वेगळा होता. कुत्रा हा मूळचा लांडगा, त्याला नाचणी कशाला, त्याला मांस द्या, असं तो कुठंतरी वाचून आला होता. अर्धं बरोबर होतं. पण कुत्रा माणसाच्या उकिरड्यावर इतकी हजारो वर्षं जगला की त्याचं पोट बदललं. २०१३ साली 'नेचर'मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात. भाकरी त्याला पचते. फक्त पीठ नीट शिजलेलं हवं. पुतण्या म्हणाला, "मग मांसही घाला." त्याच्याकडं पुढं येते.

पिठाचा अंदाज यायला काही घाणे जावे लागले. नाचणी एकटी धरत नाही. तिच्यात चिकटपणा नसतो, लाटताना कडा फाटतात आणि भाजल्यावर हातात भुगा येतो. ज्वारीचं तसंच, आणि पीठ जुनं असलं, विरी, म्हणजे पीठ बांधून धरणारा चिकटपणा, गेलेली असली तर आणखी वाईट. भाकरीला आपण जे करतो तेच इथं करायचं: पिठावर उकळतं पाणी ओतून झाकून ठेवायचं आणि मग मळायचं. गरम पाण्यानं पीठ अर्धवट शिजतं, बांधून येतं, आणि कुत्र्याच्या पोटालाही सोपं जातं. पण रोजच्यासाठी मी सोपं प्रमाण धरलंय. १५० ग्रॅम नाचणी, १५० ग्रॅम गव्हाचं पीठ, वाटीभर म्हणजे दीडशे ग्रॅम भोपळ्याचा गर आणि एक अंडं. ज्या कुत्र्याला गहू सोसत नाही त्याच्यासाठी ज्वारीची उकड.

भोपळा उकडायचा नाही, वाफवायचा. उकडला की पाणी पितो आणि मग त्या पाण्याला पीठ घालत बसावं लागतं. वाफवून चाळणीत निथळत ठेवला की गर घट्ट राहतो. भोपळा कवळा निघाला तर गर जास्त ओला असतो. तेव्हा मूठभर पीठ वाढतं, त्याचं प्रमाण सांगता येत नाही, हाताला कळतं. पुरीला मळतो तसं घट्ट मळायचं. सोडा, बेकिंग पावडर काही नको. फुगून करायचंय काय? त्यातला सोडियम उगाच पोटात जातो.

चमचाभर शेंगदाण्याचं कूट घातलं तर वास फार छान सुटतो, आणि भुरीचं सगळं नाकावर चालतं. पण शेंगदाणे ताजे हवेत. जुन्या, काळपट, खवट दाण्यांवर बुरशीचं अफ्लाटॉक्सिन असू शकतं, आणि कुत्र्याचं यकृत त्याला फार लवकर बळी पडतं. भाजल्यानं ते जात नाही. "कुत्र्यालाच तर घालायचंय" म्हणून डब्याच्या तळातलं कूट काढणाऱ्या बायका मी पाहिल्यात. ते तेवढं करू नये. हळद घालतात काहीजण. आमचा जिल्हा हळदीचा, घरात पोतं असतं, तरी मी घालत नाही. हाताला नि पत्र्याला डाग पडतात, आणि भुरीला त्यानं काही फायदा झाल्याचं मला दिसलं नाही.

पोळी जाडसर लाटायची, साधारण अर्धा सेंटिमीटर. मग शंकरपाळ्याच्या कातण्यानं उभ्या-आडव्या रेघा मारायच्या, पाऊण इंचाच्या. हाडाच्या आकाराचे साचे मिळतात, मुलीनं मागवलेही होते. पण एका हाडात चार शंकरपाळ्या बसतात आणि आबा "अर्धं दिलं" म्हणून पुरं देतात. चौकोनी तुकड्याला असला धोका नाही. एका घाण्यात अडीचशेच्या आसपास तुकडे निघतात. पीठ, अंडं, भोपळा सगळं धरून साडेअकराशे कॅलरी. तुकड्याला पाचसुद्धा येत नाहीत. दहा तुकडे दिले तरी ५० च्या आत. हे गणित मी फ्रीजवर चिकटवून ठेवलंय.

ओव्हनला १६० अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटं. तेवढ्यात ती भाजली जातात, पण कोरडी होत नाहीत. मग उष्णता १०० वर आणून आणखी तासभर ठेवायची, आणि शेवटी ओव्हन बंद करून दार न उघडता आतच गार होऊ द्यायची. भोपळ्याची ओल आतून निघायला वेळ लागतो. वरून कडक आणि मधे मऊ राहिलेलं बिस्कीट चौथ्या दिवशी बुरशी धरतं, पावसाळ्यात तर त्याच्याही आधी. साखर आणि मीठ हे दोघं टिकवण्याचं काम करतात. ते दोघंही इथं नाहीत, म्हणून सगळी मदार कोरडेपणावर. गार झाल्यावर एक तुकडा मोडून बघायचा. कट् असा आवाज आला तर डब्यात, वाकला तर परत आत. नीट वाळलेली दोन-तीन आठवडे राहतात.

ज्यांच्याकडं ओव्हन नाही त्यांनी जाड बुडाच्या कढईत मिठाचा किंवा वाळूचा थर द्यावा, वर ताटली बसेल अशी तिवई ठेवावी, झाकण लावून आधी दहा मिनिटं तापवावं आणि मंद आचेवर चाळीसेक मिनिटं भाजावं, मध्ये एकदा उलटून. रंग थोडा कमीजास्त येतो. भुरी रंग बघत नाही.

पहिली बरी जमलेली बिस्किटं वाटीत घालून आबांना दिली तेव्हा त्यांनी आधी स्वतः एक तोंडात टाकलं. चावायला बराच वेळ लागला. "अळणी," एवढंच बोलले. मग भुरीपुढं धरलं. तिनं हुंगलं, जिभेनं उचललं, आणि कधी नव्हे ते बसून चावलं. कडक होतं ना. कुडुम कुडुम आवाज ऐकून आबा खूष. ग्लुकोजच्या बिस्किटाला हा आवाज नव्हता. त्यांनी दुसरं धरलं, तिसरं धरलं. वाटीत मी दहाच ठेवली होती. आता रोज दहा मोजून ठेवते. कधी कधी भुरीला आठच मिळतात असा मला संशय आहे, कारण त्यांचा तो अळणी म्हणून नाक मुरडण्याचा कार्यक्रम फार दिवस टिकला नाही. नाचणी आहे, साखर नाही; त्यांच्या डॉक्टरांनाही त्यात वावगं दिसणार नाही.

एकदा त्यांनी विचारलं, "कुत्र्याला बिस्कीट घालायचं काढलं कुणी?" मला माहीत होतं, म्हणून सांगितलं. जेम्स स्प्रॅट नावाचा एक अमेरिकन १८६० च्या सुमाराला लंडनला धंद्यासाठी गेला. गोदीतली कुत्री जहाजावरची टाकून दिलेली कडक बिस्किटं खाताना त्यानं पाहिली, असं म्हणतात, आणि गव्हाचं पीठ, भाज्या, बीट आणि मांस घालून त्यानं कुत्र्यांसाठी वेगळी बिस्किटं काढली. चार्ल्स क्रफ्ट नावाचा पोरगा त्याच्याकडं कामाला होता; १८९१ मध्ये त्यानं सुरू केलेलं कुत्र्यांचं प्रदर्शन इंग्लंडात अजून भरतं. आबा म्हणाले, "म्हंजे साहेबानं काढलं. तरीच अळणी."

आता पुतण्याचं मांस. कोंबडीची कलेजी स्वस्त मिळते आणि कुत्र्याला तिच्यापेक्षा मोठं आमिष नाही. भुरीला नखं कापून घ्यायची नसतात, गाडीत बसायचं नसतं, पावसाळ्यात अंग पुसू द्यायचं नसतं; तिन्हीला कलेजी लागते. पाव किलो कलेजी दहा मिनिटं उकडायची, तिच्याच थोड्या पाण्याबरोबर मिक्सरमधून काढायची, त्यात दीडशे ग्रॅम ज्वारीचं पीठ आणि एक अंडं घालून थाळीत बोटभर जाडीनं पसरायचं. १७० अंशांवर पंचवीस मिनिटं. वड्या पाडतो तशा कापायच्या, पण अगदी बारीक. ही मऊच राहते, म्हणून फ्रीजमध्ये चार दिवस आणि बाकीची फ्रीझरमध्ये. आठवड्यातून एक-दोनदा, नखाएवढी. कलेजीत अ जीवनसत्त्व फार असतं, ते अंगात साठत जातं आणि रोज भरपूर दिली तर हाडांना त्रास होतो.

खरा प्रश्न वासाचा. कलेजी भाजताना घरात जो वास सुटतो त्याचं वर्णन मी करणार नाही. त्यात आमच्याकडं सोमवार-गुरुवार पाळतात, श्रावण तर पूर्ण. श्रावणात कलेजीचा विषय निघाला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "कुत्रीला कसला श्रावण? तिला दे, पण माझ्या स्वयंपाकघरात नको." म्हणजे मागच्या पडवीत जुनी कढई, जुना गॅस, जुनी थाळी असा वेगळा संसार मांडावा लागला. तो आता कायमचा तिथंच आहे. कलेजीच्या दिवशी गल्लीतली सगळी मांजरंही तिथं येतात, आणि भुरीला ते अजिबात आवडत नाही.

सगळ्यात कमी कष्टाचा प्रकार म्हणजे रताळं. इथं पीठ नाही, मळणं नाही. रताळी अर्धवट वाफवून लांब काप करायचे आणि वाळवायचे. एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवरच्या उन्हात पातळ सुती कापडाखाली दोन दिवसांत चामट होतात. त्यानंतर ओव्हनमध्ये १०० अंशांवर तासभर ठेवून कडक करून घ्यायचे. आमचे गडी म्हणाले, शेडमध्ये जाळ्या रिकाम्या आहेत, तिथं टाकू. पण त्या जाळ्यांना सगळीकडं बेदाणा चिकटलेला असतो आणि पिवळ्या रंगासाठी आत गंधकाची धुरी दिलेली असते. गच्चीच बरी. रताळ्याची पट्टी भुरी पुढच्या दोन पायांत धरून बराच वेळ चघळते. दुपारी आबांना झोप लागेपर्यंत तेवढा वेळ पुरतो. रताळं गोड असतं, म्हणून पट्टी दिली त्या दिवशी बिस्किटं कमी.

पुढचा प्रश्न गल्लीचा होता. आबांचं जमलं, पण काकूंची चपाती आणि दूधवाल्याचा पाव चालूच होता. लोकांना नको म्हणून चालत नाही. प्रेमानं घालतात आणि आपण नाही म्हटलं की आपल्यालाच कंजूष समजतात. मी काचेच्या बरणीत बिस्किटं भरून ती फाटकाजवळच्या कोनाड्यात ठेवली आणि सगळ्यांना सांगितलं, भुरीला द्यायचं तर ह्यातलं द्या. लोकांना बरणी फार आवडली. इतकी की एक बरणी दोन दिवसांत संपायला लागली आणि दहाचा हिशेब कोलमडला. शेवटी रोज सकाळी बरणीत मोजून टाकायला लागले: आबांचे पाच, गल्लीचे पाच. बरणी रिकामी दिसली की माणसं दोन शब्द बोलून पुढं जातात. दूधवाल्यानं मात्र पहाटेच पाची उचलायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्याशी वेगळं बोलावं लागलं.

बरणीमुळं मागणी आली. मागच्या गल्लीतल्या गुरुजींचा लॅब्रेडोर, चौकातल्या दुकानापुढची तीन भटकी कुत्री, ज्यांना दुकानदार रोज पाव घालतात. एका ओव्हनमध्ये एवढं निघेना, आणि विजेचंही बिल दिसायला लागलं. तेव्हा मला भट्टी आठवली. आमच्याकडं अजून दिवाळीच्या तोंडावर बायका मैदा, साखर, डालडा घेऊन बेकरीच्या भट्टीवर जातात आणि नानकटाई, आट्याची बिस्किटं भाजून पत्र्याचे डबे भरून आणतात. मी कधी रिकाम्या महिन्यात गेले नव्हते. भट्टीवाल्या चाचांना सांगितलं, बिस्किटं आहेत, साखर नाही, तूप नाही, मीठ नाही.

"मग खाणार कोण?"

"कुत्री."

ते हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "पत्रे तुमचे आणा. माझ्या पत्र्यावर नको, लोक बोलतील. आन् पाव निघाल्यावर या." हा माणूस चाळीस वर्षं विस्तवापुढं उभा आहे, मला दोन टप्प्यांत उष्णता बदलत करावं लागतं ते त्याच्याकडं आपोआप होतं. लाकडाची भट्टी पावासाठी कडक तापवलेली असते. पाव निघाला की विस्तव ओढून घेतात, मग भिंतींची धग हळूहळू उतरत जाते. पहिला अर्धा तास बिस्किटं भाजली जातात आणि त्यानंतर रात्रभर त्याच धगीत वाळत पडतात. सकाळी पत्रा बाहेर काढला तेव्हा एकेक तुकडा खडखडीत, आणि लाकडाच्या धुराचा किंचित वास. ओव्हनची बिस्किटं त्याच्यापुढं काहीच नाहीत. भुरीला विचाराल तर तीही हेच म्हणेल. भट्टीतून आलेल्या डब्यापाशी ती अंगणातूनच नाक वर करून येते.

आता पंधरा दिवसांतून एकदा मी आणि गुरुजींच्या मंडळी मिळून जातो. पीठ घरीच लाटून, कापून पत्र्यावर लावून न्यायचं, कारण तिथल्या ओट्यावर मैदा-साखरेबरोबर सगळं मिसळतं. भुरी सोळा किलोच्या खाली आलीय. डॉक्टरांना अजून दोन किलो हवेत. ते म्हणतात घाई करू नका, आठवड्याला वजनाच्या एक-दोन टक्क्यांच्या वर उतरू देऊ नका.

परवा चाचांनी स्वतःहूनच विषय काढला. शेजारच्या गावातून कुणी दोघं-तिघं कुत्र्याची बिस्किटं आहेत का म्हणून विचारून गेले होते. ते म्हणाले, "वहिनी, तुमचं प्रमाण द्या, मीच करतो. नुसती तपकिरी दिसतात, तेवढं बघू. वर एकेक बेदाणा दाबला तर काय झोकात दिसंल!" तासगावातला भट्टीवाला दुसरं काय सुचवणार? मी तिथंच पत्र्याशेजारी बसून त्यांना सगळं सांगितलं, मूत्रपिंडापासून शेडच्या जाळीपर्यंत. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मग वर काय लावायचं? भोपळ्याच्या बिया, मी म्हटलं, सोललेल्या, बिनमिठाच्या. भोपळा कापतो तेव्हा त्या फेकूनच देतो आपण. त्यांना ते पटलं, पण सोलायचं काम त्यांच्याकडं कुणी करणार नाही म्हणाले. आबा मोकळे असतात. वाटीभर बिया आणि नखकटर त्यांच्यापुढं ठेवलंय.